झडणारा दगड आणि सिमेंटचे सांधे: दुरुस्तीचा क्रम

प्रश्न असा आहे: जुन्या इमारतीची वालुकाश्माची चिरेबंदी भिंत. मूळ बांधकाम चुन्यातलं, पण सांधे मध्यंतरी केव्हातरी सिमेंटने भरलेले. आता चिऱ्यांचे पापुद्रे निघतात, पायथ्याशी वाळू साठते, छज्जाच्या कडेचे दोन तुकडे पडलेत आणि एका कोपऱ्यात उभी भेग आहे. खराब चिरे बदलायचे की मसाला भरून भागेल? आणि शेवटी वरून पाणीरोधक रसायन मारावं का?

सांधे शाबूत आणि दगड झडतोय, यातच निदान आलं. भिंतीत ओल शिरणारच. ती बाहेर कुठून पडते यावर काय झिजणार ते ठरतं. चुन्याच्या सांध्याची छिद्रं मोकळी असतात, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर येते, सोबतचे क्षार तिथेच साठतात आणि सांधा झिजतो. तो तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा भरता येतो. सिमेंटने ही वाट बंद केली की ओल दगडातून निघते आणि क्षारांचे स्फटिक दगडाच्या तोंडालगत, पापुद्र्याच्या आड तयार होतात. चिरा आत जातो आणि सिमेंट जाळीसारखं पुढे उभं राहतं. भरीला, सिमेंट स्वतःच अल्कली आणि सल्फेट घेऊन येतं. सोडियम सल्फेट तर फारच वाईट. सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या खाली कोरड्या स्फटिकाला ओल मिळाली की तो विरघळतो आणि पाण्याचे दहा रेणू घेऊन पुन्हा घट्ट होतो. आकारमान चौपटीच्या वर जातं. हे प्रत्येक ओल्या-सुक्या फेऱ्यात होतं. म्हणूनच सतत ओल्या असलेल्या पायथ्यापेक्षा ओलीच्या वरच्या काठाला झड जास्त दिसते.

सांध्यांचं वय ठरवताना एक गोष्ट उपयोगी पडते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं आहे. त्याआधीच्या बांधकामात ते दिसलं, तर नंतर कुणीतरी हात लावलेला आहे हे नक्की.

क्रम असा: पाणी, लोखंड, सांधे, क्षार, आणि सगळ्यात शेवटी दगड. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. तुटका दगड डोळ्यांत खुपतो म्हणून आधी तोच दुरुस्त होतो आणि दोन-तीन वर्षांत नव्या तुकड्याशेजारचा चिरा झडू लागतो.

पाहणीला घाई नको. भिंतीचा चिऱ्यागणिक आराखडा काढा, किंवा सरळ समोरून घेतलेल्या फोटोंवर प्रत्येक चिऱ्याला क्रमांक द्या. पापुद्रे, भुगा, पोकळ भाग, भेग, लोणा (वर आलेले पांढरे क्षार) आणि गंजाचे डाग यांना वेगवेगळी खूण ठेवा. ‘खराब’ एवढंच लिहिलेला नकाशा काही कामाचा नाही. छोट्या हातोडीने प्रत्येक चिरा हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर आत ठीक आहे. बद्द आवाज आला तर तोंडामागे पोकळी आहे, मग वरून तो कितीही चांगला दिसो. भर पावसात एकदा भिंतीसमोर उभं राहून पाणी कुठून ओघळतं ते बघा. तुंबलेली पन्हळ, छज्जाच्या माथ्यावरचे उघडे सांधे, खालची पाणी तोडणारी खाच (पाणी भिंतीकडे न येता तिथेच ठिबकावं म्हणून ठेवलेली) बुजलेली, बाहेरची जमीन भरत भरत जोत्याच्या वर आलेली: बहुतेक दोष यांतच सापडतात. ते दुरुस्त केल्यावर भिंतीला वाळायला वेळ द्या. जाड भिंत आठवड्यांत वाळत नाही, ऋतू लागतात. पाणी बंद करूनही दमट हवेत डाग ओले दिसत राहिले, तर क्षारांवर संशय घ्या. साधं मीठसुद्धा ७५ टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं.

पाहणीत आणखी एक बघायचं, ते म्हणजे थराची दिशा. वालुकाश्म आणि चुनखडक खाणीत आडव्या थरांनी बनलेले असतात. भिंतीत चिरा बसवताना ते थर आडवेच हवेत, म्हणजे वरचा भार थरांना दाबून धरतो. चिरा उभा करून थर तोंडाला समांतर ठेवला असेल, तर पत्त्यांच्या गड्डीसारखे पापुद्रे सुटतात. शेजारचे सगळे चिरे धड आणि एकच चिरा पूर्ण पापुद्र्यांनी सुटतोय, असं दिसलं की जवळपास हेच कारण असतं. त्यावर मसाल्याचा इलाज नाही; पिना (दगडात आत घातलेले धातूचे बारीक गज) मारून वेळ काढायचा किंवा चिरा बदलायचा. छज्जासारख्या पुढे आलेल्या दगडाची गोष्ट वेगळी. तिथे थर उभे आणि भिंतीच्या तोंडाला काटकोनात ठेवतात, नाहीतर खालचा लोंबता थर गळून पडतो.

कडेचे तुकडे पडलेत तिथे आत लोखंडी आकडा किंवा पट्टी आहे का ते आधी तपासा. धातुशोधक लागतो, पण तुटलेल्या तोंडावरचा तांबूस डागही पुरेसं सांगून जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचं उदाहरण या कामात सगळ्यांना माहीत असतं. प्राचीन कारागिरांनी लोखंडी आकडे शिशात बुडवून बसवले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखालच्या दुरुस्तीत उघडं लोखंड वापरलं गेलं; ते गंजून संगमरवर तडकला. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या कामात ते काढून टायटॅनियम बसवावं लागलं. सामान्य इमारतीला टायटॅनियमची गरज नाही, ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील पुरतं. ३०४ स्वस्त पडतं, पण क्षारयुक्त भिंतीत ते टिकेल यावर भिस्त ठेवू नका. तोंडापासून जवळ असलेलं, गंज धरलेलं लोखंड काढाच. खोलवर कोरड्या गाभ्यात असलेलं, हालचाल न करणारं लोखंड काढण्यासाठी धड दगड फोडण्यात अर्थ नाही.

आता सांधे. सगळं सिमेंट एका दमात काढायचं नाही. आधी एक चौरस मीटरचा नमुना घ्या. सिमेंट दगडाला इतकं घट्ट चिकटलं असेल की काढताना चिऱ्याची कड तुटते, तर त्या भागात थांबा. सैल झालेलंच काढा आणि उरलेलं पुढच्या फेरीसाठी ठेवा. कड एकदा तुटली की सांधा कायमचा रुंद दिसतो, आणि ते नुकसान सिमेंटने करायला आणखी वीस वर्षं घेतली असती.

काढायची पद्धत अशी. सांधा १० मिमीपेक्षा रुंद असेल, तर मधोमध ५-६ मिमीच्या बिटने दर २०-२५ मिमीवर भोकं पाडा. ड्रिल फिरतं ठेवा, ठोका बंद. मग सांध्यापेक्षा अरुंद टाकी भोकाच्या दिशेने, म्हणजे आतल्या बाजूला धरून मारा. दगडाच्या कडेकडे झुकवलेला एकच घाव चिरा फोडतो. मधला भाग पोकळ झाल्यावर दोन्ही काठांच्या पट्ट्या आपोआप सुटतात. ३-४ मिमीच्या बारीक सांध्याला हॅकसॉचं पातं किंवा मागेपुढे थरथरणारं यंत्र वापरा. अँगल ग्राइंडर उभ्या सांध्यात अजिबात नको. चकती गोल असते. सांध्याचा शेवट गाठायचा तर ती वरच्या-खालच्या चिऱ्यात शिरतेच. त्या खुणा पुढे शंभर वर्षं दिसतात. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट आणि कमीत कमी २५ मिमी. म्हणजे ६ मिमीच्या सांध्याला २५, २० मिमीच्या सांध्याला ४०. तळ चौकोनी हवा. आत निमुळता होत गेलेला सांधा मसाला धरत नाही.

सांधे उघडे असतानाच क्षार ओढून घ्यायचे, कारण एकदा नवा सांधा भरला की तो क्षार स्वतःत घेतो. सुटा लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुऊ नका, धुतलेला लोणा परत आत जातो. मग एक भाग केओलिन (पांढरी चिनी माती) आणि चार-पाच भाग बारीक धुतलेली वाळू क्षारमुक्त पाण्यात कालवून १५-२० मिमी जाडीचा लेप द्या. लेप पूर्ण वाळून स्वतःहून सुटू लागेपर्यंत, साधारण दोन ते चार आठवडे, तसाच ठेवा. काढलेल्या लेपाचा १० ग्रॅम नमुना १०० मिलि शुद्ध पाण्यात ढवळून त्याची विद्युतवाहकता मोजा (क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा) आणि पुन्हा लेप द्या. दोन-तीन फेऱ्यांत आकडा उतरून स्थिरावतो. तो उतरतच नसेल, तर पाणी अजून कुठून तरी येतंय. लेप थांबवा आणि पाहणीकडे परत जा.

सांध्याच्या मसाल्याला एकच अट आहे: तो दगडापेक्षा कमकुवत आणि जास्त सच्छिद्र हवा. किमान तीन महिने मुरलेला चुना एक भाग आणि वाळू अडीच ते तीन भाग, मापाने. हे प्रमाण कुठून येतं ते स्वतः करून बघता येतं. एक लिटर पूर्ण वाळलेली वाळू भांड्यात दाबून भरा आणि वर पाणी टेकेपर्यंत मोजून ओता. ३३० मिलिच्या आसपास पाणी मावलं, तर वाळूत एक तृतीयांश पोकळी आहे, आणि ती भरायला एकास तीन चुना लागतो. ४०० मिलि मावलं, तर वाळू एकाच आकाराच्या दाण्यांची आहे. चुना वाढवण्यापेक्षा वाळू बदला. चुना वाढवला की आकसून भेगा पडतात. दाणे टोकदार, मातीविरहित हवेत आणि सर्वांत मोठा दाणा सांध्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत. ओल्या वाळूचं माप धरू नका, ती फुगलेली असते.

पावसाचा मारा असलेल्या दर्शनी भागाला आणि जोत्याला नैसर्गिक जलीय चुना (एनएचएल), म्हणजे ओलीतही घट्ट होणारा चुना, बरा; त्यापुढचा आकडा मोठा तितका तो जास्त कडक. मऊ दगडाला एनएचएल २, मध्यम दगडाला ३.५, एकास अडीच वाळू. एनएचएल ५ या भिंतीला नको. काही महिन्यांनी ते कडकपणात सिमेंटच्या जवळ जातं. मुरलेल्या चुन्यातच थोडी कमी भाजलेल्या विटांची बारीक सुरखी घातली तरी तो ओलीत घट्ट होतो. ‘चुन्यात मूठभर सिमेंट’ हा सल्ला फार ऐकू येतो. ते सिमेंट वाळताना चुन्यापासून वेगळं होऊन छिद्रांत अडकतं, मसाला नुसत्या चुन्यापेक्षाही कच्चा राहतो आणि सल्फेट मात्र भिंतीत येतात.

भरण्याच्या आदल्या संध्याकाळी सांधे भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. दगड ओलसर हवा, पण चकाकणारं पाणी नको. मसाला इतका घट्ट की मुठीत गोळा होतो आणि हाताला चिकटत नाही. सांध्यात मावेल अशा अरुंद पट्टीने आतून दाबत भरा. २५ मिमीपेक्षा खोल असेल तर दोन थरांत. चिऱ्यांच्या कडा गोलावल्या असतील, तर सांधा थोडा आत थांबवा. मसाला कडेवर पसरला की काठ कागदासारखा पातळ होतो आणि पहिल्याच हंगामात सुटतो, शिवाय सांधा उगाच रुंद दिसतो. थापीने गुळगुळीत करायचा मोह टाळा. अंगठा दाबून खड्डा पडत नाही पण नखाचा ओरखडा उठतो, अशी वेळ आली की ताठ केसांच्या ब्रशने सांध्यावर टोकं आपटा, फिरवू नका. आकसण्याच्या बारीक भेगा मिटतात, वरची चुन्याची साय जाते आणि वाळूचा दाणा उघडा पडतो.

पुढचा आठवडा भरलेल्या कामाइतकाच महत्त्वाचा. भिंतीसमोर ओलं गोणपाट टांगा, भिंतीला टेकवू नका. साध्या चुन्याला दोन आठवडे तरी रोज हलका फवारा. ५ अंशांच्या खाली काम बंद, आणि पुढे पाणी गोठवणारी थंडी पडणार असेल तर साध्या चुन्याचं काम काही महिने आधीच संपवा. सांध्यावर पांढरी पूड आली आणि बोटाने खरवडली जाते, तर तो उन्हावाऱ्याने फार भराभर वाळलाय. काढून पुन्हा भरा. सांधा मधे घट्ट पण दोन्ही काठांना केसभर फट, तर दगड कोरडा होता किंवा मसाल्यात पाणी जास्त झालं.

मग दगड. नुसता दर्शनी भाग १०-१५ मिमी झिजला असेल, पाणी नीट ओघळत असेल आणि भार घेण्यात कसूर नसेल, तर सुटे पापुद्रे काढून चिरा तसाच सोडा. झिजलेला दिसणं हे बदलण्याचं कारण नाही. हे मालकाला पटवणं बहुधा दगड घडण्यापेक्षा अवघड जातं.

तळव्याएवढा, ५० मिमीपेक्षा उथळ खड्डा असेल तर चुन्याच्या मसाल्याने भरता येतो. धड दगडापर्यंत खणा, कडा काटकोनात किंवा किंचित आत कापलेल्या ठेवा, खोली कुठेही १२ मिमीपेक्षा कमी नको. एका वेळी १० मिमीचा थर, दुसऱ्या दिवशी पुढचा. रंग त्याच दगडाच्या चुऱ्यातून आणि वाळूतून आणा, भुकटी रंगातून नको. आणि नमुना दोन आठवडे वाळल्यावरच जुळवून बघा, ओला चुना नेहमी फसवतो. शेवटचा पृष्ठभाग थापीने न घोटता, अर्धवट घट्ट झाल्यावर हॅकसॉच्या पात्याने खरवडा. भराई सांध्यावरून पलीकडे नेऊ नका. दोन चिरे एकत्र झाले की पहिली भेग तिथेच पडते.

छज्जाच्या कडेला मात्र दगडाचाच तुकडा जोडावा. ती कड पाणी तोडते. मसाल्याची कड तिथे टिकत नाही. दगड निवडताना रंग शेवटी बघा. जुना आणि नवा, दोन्ही तुकडे एकाच मापाचे कापून ३-५ मिमी पाण्यात उभे करा आणि ठरावीक वेळाने वजन करा. नवा दगड फारच कमी पाणी पीत असेल, तर ओल पुन्हा शेजारच्या जुन्या चिऱ्यातून वाट काढेल. सिमेंटचीच गोष्ट नव्या रूपात.

तुटलेली जागा सरळ कडांची, आत थोडी रुंदावणारी खाच करून कापा. तुकडा सुका बसवून बघताना खाचेच्या तोंडाला खडूची पूड लावा. तुकड्यावर जिथे खडू उमटतो तिथे दगड टेकतोय, तेवढाच घासा. सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालतं. शेवटी सांधा १-२ मिमीचा राहतो. तुकडा बाहेर २-३ मिमी जास्त ठेवून जागेवरच शेजारच्या घडाईशी जुळवा. बसवण्यासाठी चाळलेला चुना आणि त्याच दगडाची बारीक भुकटी. दोन्ही बाजू भिजवून. लोंबत्या तुकड्याला ६ मिमीचे आटेदार स्टेनलेस गज, ८ मिमीच्या भोकात, दोन्ही दगडांत ५० मिमी. इपॉक्सी (रेझिनचा पक्का गोंद) फक्त भोकात आणि तोंडापासून १० मिमी आत थांबलेलं. पूर्ण तोंडाला इपॉक्सी फासलं तर जोड मोडत नाही, पण ओल त्या पडद्यामागे तुंबते आणि जुना दगड जोडाच्या मागून तुटतो.

वर सांगितलेला उभ्या थराचा चिरा सोडला, तर पूर्ण चिरा तेव्हाच बदला, जेव्हा तो भार घेत नाही. नव्याची खोली किमान ७५ ते १०० मिमी, शेजारशेजारचे दोन चिरे एकाच वेळी काढायचे नाहीत, माथ्याला दगडी चिपांच्या पाचरी आणि मागे चुन्याचा पातळ रस खालून वर, २०-३० सेंमीच्या टप्प्यांनी. स्मारकांच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतलं १२ वं कलम सांगतं, नवा भाग एकूण रूपाशी जुळावा आणि तरीही मुळापासून वेगळा ओळखता यावा. त्यासाठी चिऱ्याच्या कोपऱ्यात साल कोरलं तरी पुरे.

कोपऱ्यातल्या भेगेवर दोन-तीन ठिकाणी मापनपट्ट्या लावून पूर्ण एक वर्ष नोंद घ्या. ऋतूनुसार उघडझाप होऊन ती मूळ मापावर येत असेल, तर चुन्याचा रस खालच्या भोकापासून सुरू करून दिवसाला अर्धा-एक मीटर भरा. एकाच दिशेने वाढत असेल तर भरू नका. पाया बघायला संरचना अभियंता बोलवा.

भुगा होणाऱ्या चिऱ्याला घट्ट करण्यासाठी वालुकाश्मावर इथाइल सिलिकेट चालतं. दगड कोरडा हवा, आणि रसायन झडीच्या पूर्ण खोलीपर्यंत पोचायला हवं. वरचे ५ मिमी घट्ट आणि मागे भुसभुशीत राहिलं, तर जाड खपली एकदम सुटते. त्यानंतर तीन-चार आठवडे दगड पाणी घेत नाही, म्हणून चुन्याचं काम त्या काळात करू नका. चुनखडकावर त्याची पकड कच्ची. तिथे नॅनोलाइमचे (द्रवात विखुरलेल्या चुन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे) पातळ हात अनेकदा द्यावे लागतात.

पाणीरोधक रसायन या भिंतीला मारू नका. सिलेन-सिलोक्सेन ही त्यातली नेहमीची रसायनं वाफ जाऊ देतात हे खरं, पण द्रवरूप ओल तोंडापर्यंत येऊ देत नाहीत. ती काही मिलिमीटर आत थांबते आणि क्षार तिथे स्फटिक बनवतात. परिणामी भुगा न पडता तेवढ्या जाडीची पाटीच सुटते. शिवाय पुढे चुन्याची कुठलीही दुरुस्ती त्यावर चिकटत नाही आणि रसायन परत काढता येत नाही. आधीच कुणी मारलंय का हे कार्स्टन नळीने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीने, तपासा. नळी भिंतीवर चिकटवून ४ मिलि पाणी भरायचं. सच्छिद्र वालुकाश्म ते काही मिनिटांत ओढून घेतो. अर्ध्या तासातही पातळी हलली नाही, तर पृष्ठभागावर आधीच काहीतरी आहे, आणि वर सांगितलेले लेप व मसाले छोट्या नमुन्यावर पुन्हा तपासूनच पुढे जावं लागेल.